उणे साडेचार, उणे दीड, एकशे सत्तर

सोलापुरात संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता. होम मैदानावर मोठ्या पाळण्याकडे बघत मी उभी होते. पाळण्यावरचा प्रत्येक दिवा टिकलीसारखा गोल दिसायला हवा होता, पण प्रत्येकाला एक शेपूट फुटलं होतं. नजर ताणली की ते उभं व्हायचं, सैल सोडली की आडवं. डावा डोळा मिटला तर दिवे गोल. उजवा मिटला तर पुन्हा शेपटं. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालून मला तेव्हा तीनच आठवडे झाले होते, आणि हा बिघाड फक्त डाव्या डोळ्याचा आहे हे मला त्या रात्री कळलं.

चष्मा मला आठवीपासून आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिझायनिंगला आहे. दिवसभर संगणकावर जेकार्डचे, म्हणजे विणीतल्या नक्षीचे, ग्राफ, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. आमच्याकडे मार्चपासून ऊन तापायला लागतं, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. स्कूटरवर स्कार्फ, वर हेल्मेट, आत चष्मा. घामाने तो नाकावरून घसरत राहायचा आणि मी त्याला वर ढकलत राहायचे. म्हणून लेन्स घ्यायचं ठरवलं. एका दुकानात गेले, चष्म्याच्या नंबरचा कागद दिला. काउंटरवरच्या माणसाने कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "सिलिंड्रिकल नंबर निम्मा करून वरच्या नंबरात मिळवला की साधी लेन्स चालते. सिलिंडरची लेन्स महाग पडते, मागवावीही लागते." पंधरा मिनिटांत मी बाहेर पडले. डोळ्यावर कोणतंही यंत्र लावलं गेलं नाही, लेन्स नीट बसली की नाही हेही कोणी बघितलं नाही. तक्रार घेऊन परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "सवय होईल."

सवय झाली नाही. दुपारी तीनच्या सुमाराला कपाळ दुखायला लागायचं. एक दिवस ऑफिसात उजव्या डोळ्यावर तळवा धरून पडद्यावरचा ग्राफ बघितला. उभ्या रेघा स्पष्ट दिसल्या की आडव्या पुसट व्हायच्या. आडव्यांवर नजर बसवली की उभ्या विरघळायच्या. दोन्ही एकदम कधीच नाहीत. ताणा, म्हणजे उभा धागा, दिसतोय तर आडवा बाणा नाही, बाणा दिसतोय तर ताणा नाही. ज्या कामात दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय काही करताच येत नाही, त्या कामात बसलेल्या माणसाला हे किती अस्वस्थ करतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

घरी येऊन कपाटातले सगळे जुने कागद काढले. अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, तुटलेला धागा ते आवाजावरून ओळखायचे. आता वाचायला त्यांनाही चष्मा लागतो. दोन कागद समोर ठेवले. चार वर्षांपूर्वीच्या कागदावर डाव्या डोळ्यासमोर लिहिलं होतं: -६.००, +१.५०, ८०. गेल्या वर्षीच्या कागदावर: -४.५०, -१.५०, १७०. अण्णांनी आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. "सहाचे साडेचार झाले. उतरला की गं नंबर!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण दीडच्या आधीचं चिन्ह बदललेलं होतं, आणि ८० चे १७० झाले होते. इतकं सगळं चार वर्षांत कसं फिरेल?

हे दोन्ही कागद घेऊनच मी दुसऱ्या ठिकाणी गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काम करणाऱ्या एक ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणाऱ्या, मॅडम आहेत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "हा एकच नंबर आहे. दोन पद्धतींनी लिहिलाय."

ते असं आहे. नंबराच्या कागदावर तीन रकाने असतात. पहिला स्फिअर, म्हणजे सगळीकडून सारखा लागणारा नंबर. दुसरा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला जास्तीचा लागणारा नंबर. तिसरा ॲक्सिस, म्हणजे त्या दिशेला काटकोनात असलेल्या रेषेचा कोन, १ ते १८० अंशांमध्ये. सिलिंडर उणे चिन्हाने लिहिता येतो, तसा अधिक चिन्हानेही. एका पद्धतीतून दुसरीत जायचं तर स्फिअर आणि सिलिंडर यांची बेरीज करायची, ती नवा स्फिअर. सिलिंडरचं चिन्ह उलटवायचं. ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. -६.०० मध्ये +१.५० मिळवले की -४.५०. +१.५० चे -१.५०. ८० मध्ये ९० मिळवले की १७०. नंबर उतरला नव्हता, चढलाही नव्हता. दोन कागद एकाच डोळ्याबद्दल एकच गोष्ट सांगत होते. घरी आल्यावर अण्णांना हे समजावताना मला जरा वाईट वाटलं. पण त्यांनी पेन घेऊन उजव्या डोळ्याचं गणित स्वतः करून बघितलं, -३.०० आणि -०.५० चे -३.५० आणि +०.५०, १८० चे ९०, आणि जुन्या कागदाशी ते जुळल्यावर मान हलवली.

मॅडमनी त्या दिवशी डोळे पुन्हा पहिल्यापासून तपासले. तपासणीआधी आठवडाभर लेन्स घालू नका, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, कारण लेन्सखाली बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार थोडा बदललेला असू शकतो. आधी यंत्रातून बघायचं, मग अंधाऱ्या खोलीत डोळ्यावर प्रकाशाची पट्टी उभी-आडवी फिरवून त्यांनी आतून परत येणारी चमक पाहिली. मग तो जड, गोल, आकडे कोरलेला ट्रायल फ्रेम नाकावर. सहा मीटरवरची अक्षरं वाचायची. शेवटी एक छोटं दांडीचं भिंग डोळ्यापुढे धरून त्या ते पालथं करायच्या आणि विचारायच्या, "आधीचं बरं की आत्ताचं?" लहानपणापासून या प्रश्नाला मी घाबरत आले. वाटायचं, चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल. त्यांनी सांगितलं की दोन्ही सारखी दिसणं हेही उत्तरच आहे, किंबहुना तेच त्या शोधत असतात. दोन्ही बाजू सारख्या वाटल्या की ॲक्सिस बरोबर बसला. हे मला आठवीत कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

मग केराटोमीटर. कॉर्नियाची गोलाई मोजणारं यंत्र. माझ्या डाव्या डोळ्याची आडवी गोलाई ४३.०० आणि उभी ४४.५० आली. फरक दीडचा, म्हणजे कागदावरच्या सिलिंडरएवढाच. कॉर्निया चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नाही, लांबट आंब्याच्या पाठीसारखा एका बाजूने जास्त वळलेला आहे. यालाच ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात, मराठीत दृष्टिवैषम्य. "तुम्ही टॉवेलमध्ये काम करता ना," मॅडम म्हणाल्या, "उभा धागा एका अंतरावर स्पष्ट आणि आडवा दुसऱ्या अंतरावर, एवढंच समजा."

हे वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आले. नंबर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त. उणे साडेचारच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण एक भागिले साडेचार मीटरपर्यंतच, म्हणजे २२ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. उणे सहाच्या डोळ्याला १७ च्या जरा अलीकडे. माझ्या डाव्या डोळ्यात हे दोन्ही नंबर आहेत, एक एका दिशेला, दुसरा दुसऱ्या. मग ते मोजता यायला हवं. रात्री जेवणं झाल्यावर ग्राफपेपर घेतला, उजवा डोळा रुमालाने बांधला. अण्णांनी फूटपट्टी माझ्या गालाला लावून धरली. कागद नाकापासून हळूहळू लांब नेला. सतराच्या आसपास आडव्या रेघा सुटायला लागल्या, उभ्या मात्र तशाच धारदार. बाविसाच्या पुढे उभ्याही गेल्या. कागद जरा तिरपा धरला, त्या १७० अंशांच्या कलाने, तेव्हा फरक आणखी स्पष्ट झाला. अण्णा पुन्हा पुन्हा विचारत होते, "आडवा गेला? उभा आहे अजून?" बाणा आधी सुटतो, ताणा नंतर. आम्ही दोघांनी ते चार वेळा केलं. कागदावरचे आकडे पंधरा वर्षं माझ्या पर्समध्ये होते आणि ते काय म्हणतात हे मला त्या रात्री, अण्णांच्या हातातल्या पट्टीवर दिसलं.

आता त्या निम्म्याच्या हिशेबाकडे येते. तो हिशेब खोटा नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याला स्फेरिकल इक्विव्हॅलंट म्हणतात आणि मॅडमही तो वापरतात. माझ्या उजव्या डोळ्याला त्यांनी तेच केलं: -३.०० मध्ये -०.५० चा निम्मा, -०.२५, मिळवून -३.२५ ची साधी लेन्स. उजवा डोळा तिच्यात अजून खूश आहे. अर्धा-पाऊण सिलिंडर असा वाटून टाकला तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. पण निम्मा करणं म्हणजे सिलिंडर घालवणं नव्हे. नजर दोन अंतरांच्या मधोमध नेऊन ठेवायची, उभ्या रेघा थोड्या मागे आणि आडव्या थोड्या पुढे. सिलिंडर अर्ध्याचा असेल तर दोन्हीकडे पावच उरतो. दीडचा असेल तर दोन्हीकडे पाऊण उरतो, आणि डोळा दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहतो. दुपारी तीनचं माझं कपाळ त्यामुळे दुखत होतं. मऊ लेन्स कॉर्नियावर ओल्या फडक्यासारखी बसते, त्याच्याच आकाराची होते, त्यामुळे तिच्याखाली आंबा आंबाच राहतो.

दुकानातल्या हिशेबात आणखी एक चूक होती. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स डोळ्यावरच. उणे नंबर डोळ्याजवळ आणला की त्याचा जोर वाढतो, म्हणून लेन्सचा नंबर कमी लागतो. चारच्या खाली हा फरक नगण्य, चारच्या वर मोजावा लागतो. निम्म्याच्या नियमानेही मला -५.०० ची लेन्स हवी होती. मला -५.२५ दिली गेली होती.

मॅडमनी माझ्यासमोर दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजल्या. -४.५० चे डोळ्यावर होतात -४.२७, म्हणजे -४.२५. -६.०० चे होतात -५.६०. त्यांच्यातला फरक १.३३. मऊ टॉरिक लेन्समध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या लेन्समध्ये, सिलिंडर बहुधा -०.७५, -१.२५, -१.७५, -२.२५ अशा पायऱ्यांनीच मिळतो. दीडचा मिळत नाही याची मला काळजी वाटत होती, पण गणिताने दीडचे सव्वा आपोआपच झाले. सोपं करणं असंही होतं. आकडा उगीच टाकून दिला नव्हता. तो डोळ्यावर किती उरतो हे मोजलं होतं.

दुसरा पर्यायही त्यांनी सांगितला: कडक, हवा आत जाऊ देणारी लेन्स. ती आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली पोकळी अश्रूंनी भरते आणि कॉर्नियाचं वाकडेपण त्या पाण्यातच मिटतं. पण सिलिंडर कॉर्नियाचा असेल तरच. डोळ्याच्या आतल्या भिंगाचा असेल तर ती लेन्स उपयोगी नाही. म्हणून केराटोमीटरचा फरक आणि कागदावरचा सिलिंडर ताडून बघायचा. हे तत्त्व किती जुनं आहे ते नंतर वाचलं तेव्हा मी थक्क झाले. १८०१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्याचं दृष्टिवैषम्य मोजलं, आणि कॉर्नियाचा परिणाम काढून टाकायला डोळा पाण्यात धरला. तरीही वैषम्य उरलं, म्हणून ते आतल्या भिंगाचं आहे असं त्यांनी ठरवलं. पुढे १८२५ च्या सुमारास केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच घडवून घेतली. त्यांना प्रकाशाचा ठिपका रेघेसारखा दिसायचा. तोही डावाच डोळा होता. गड्ड्यातले माझे दिवे मला आठवले. कडक लेन्स मी घेतली नाही. धुळीचा कण तिच्याखाली गेला की डोळा उघडवत नाही म्हणतात, आणि आमच्या रस्त्यांवरची धूळ मला माहीत आहे.

टॉरिक लेन्स पुण्याहून यायला आठ दिवस लागले. ती साध्या लेन्सच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडते. साधी लेन्स डोळ्यावर कशीही गोल फिरली तरी चालते, टॉरिक फिरून चालत नाही, कारण तिचा ॲक्सिस जागेवर राहायला हवा. म्हणून तिचा खालचा भाग जाड किंवा काठ कमीजास्त जाडीचे करून तिला सरळ ठेवतात, आणि तपासणाऱ्याला दिसावी अशी बारीक खूण तिच्यावर असते. मॅडमनी ट्रायलची लेन्स घालायला सांगितली, वीस मिनिटं बसवलं, मग मोठ्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं. खूण सहाच्या काट्यावर हवी होती. ती त्यांच्या डाव्या हाताला दहा अंश सरकलेली होती. पापण्या मिटवायला सांगितल्या, इकडेतिकडे बघायला सांगितलं. लेन्स हलायची आणि परत त्याच जागी येऊन बसायची. "माझ्या डोळ्यावर ती वाकडीच बसते," मी हिरमुसून म्हटलं. त्या म्हणाल्या, "रोज तेवढीच वाकडी बसत असेल तर काही बिघडत नाही. रोज वेगळी बसली तर अवघड."

दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. पण दहा अंश चुकले की सिलिंडरचा एकतृतीयांशाहून जास्त भाग परत उरतो. तीस अंश चुकले तर सिलिंडर घातला काय आणि न घातला काय, सारखंच. तपासणाऱ्याच्या डावीकडे सरकली तर तेवढे अंश मिळवायचे, उजवीकडे सरकली तर वजा करायचे. १७० मध्ये दहा मिळवले. माझ्या लेन्सचा नंबर ठरला: -४.२५, -१.२५, १८०. चष्म्याच्या कागदाशी यातला एकही आकडा जुळत नाही, आणि ही लेन्स घातल्यावर मी डाव्या डोळ्याने पहिल्यांदा ६/६ ची, म्हणजे निकोप नजरेला दिसते ती, ओळ वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघितल्या. उभ्या, आडव्या, दोन्ही. मला बोलता येईना. मॅडमनी काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाण्यावरून आठवलं. लेन्सला पाणी लागता कामा नये, हे त्यांनी तीन-तीनदा बजावलं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते टाकीत, पिंपात साठवलेलं असतं. त्यात अकांथामीबासारखे सूक्ष्म जीव असू शकतात, ते लेन्सखाली अडकले तर कॉर्निया पोखरतात. लेन्स किंवा तिची डबी कधीही पाण्याने धुवायची नाही, दररोज नवीन सोल्यूशन, डबी तीन महिन्यांनी बदलायची, लेन्स घालून झोपायचं नाही, अंघोळीला काढून ठेवायची. हात मात्र साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. यात मी एक चूक केली. हात पुसले कारखान्यातल्या नव्याकोऱ्या टॉवेलला. त्याची लव बोटाला लागली, बोटाची लेन्सला, आणि अर्धा तास डोळा पाणावत राहिला. आता बेसिनजवळ दहा वर्षं धुतलेला, लव झडून गेलेला एक जुना टॉवेल टांगलेला असतो, आणि घरातल्या इतर कोणी त्याला हात लावत नाही. शेडमध्ये, जिथे कापसाची लव हवेत तरंगते, तिथे जायचं असेल त्या दिवशी मी चष्माच लावते.

मागच्या आठवड्यात पुढच्या लेन्स मागवायला घराजवळच्या एका दुकानात गेले. जुन्या लेन्सचं खोकं आणि चष्म्याचा कागद दोन्ही काउंटरवर ठेवले. तिथला मुलगा विशीतला असेल. त्याने दोन्ही नीट बघितले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "ताई, खोक्यावर १८० लिहिलंय, कागदावर १७० आहे. सिलिंडरही सव्वाच आहे. मी कागदाप्रमाणे करून मागवतो." त्याला काळजी वाटली म्हणून तो बोलला होता, हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडून एक कोरं बिल मागून घेतलं, पाठीमागे गोल काढला, सहाच्या जागी खूण केली, मग तीच खूण थोडी सरकवून काढली. १२ मिलिमीटरचं गणित लिहिलं. तो गिऱ्हाइकं थांबवून ऐकत राहिला. "म्हणजे ही तुमच्याच डोळ्यावरची १८० आहे," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने ऑर्डरवर १८० लिहिलं आणि गोल काढलेलं ते बिल घडी करून खिशात ठेवलं.